गंधकाची आग

बोर्डिंगात दर शनिवारी आम्हा मुलींना गंधक लावत. खोबरेल तेलात पिवळी पूड खलून केलेलं मलम. मेट्रनबाई ॲल्युमिनियमचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसायच्या आणि आम्ही चाळीसजणी हाताची बोटं फाकवून रांगेत उभ्या राहायचो. कोणाला खरूज आहे, कोणाला नाही, हे त्या बघत बसत नसत. सगळ्यांना सारखंच. मग रविवारी सकाळी आम्ही त्या वासासकट चर्चात जाऊन बसायचो.

त्यामुळे पाळकसाहेबांनी ज्या रविवारी नरकाचा विषय घेतला, त्या दिवशी गंधक म्हणजे काय हे आम्हाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मी तेव्हा सातवीत होते. साठ सालच्या आगेमागेची ही गोष्ट. आमचं गाव नेरकडचं, तिथे शाळा चौथीपर्यंतच. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो. बाने घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले आणि त्या देवांच्या जागी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येऊन बसली, की पोरीला शिकवायचं. जिल्ह्यातल्याच एका गावी मिशनचं मुलींचं बोर्डिंग होतं. आता ते नाही. बा मला तिथे सोडायला आला तेव्हा फाटकाशी उभं राहून म्हणाला, "त्यायचं शिक्षन घे, देव घेऊ नोको. एक टोपलं आत्ताच रिकामं केलं आपन." मी मान डोलावली. मान डोलावायला काय लागतं.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना शिव्या देईल, आणि त्या शिव्यांची खरी धनीण मी आहे. ते कधी आवाज चढवून बोलत नसत. गणित शिकवावं तसं एकेक पायरी सांगत. लाकडाची आग लाकूड संपलं की विझते, ते म्हणाले, राख होते, राखेवर पाणी पडलं की संपलं. गंधकाचं तसं नाही. ते पेटलं की वितळतं, वितळून वाहतं, जिथे लागेल तिथे चिकटतं, आणि त्याचा धूर माणसाला श्वास घेऊ देत नाही. जुन्या काळी दोन पापी गावांवर आकाशातून आग आणि गंधक पडलं, तिथे पुन्हा गवतसुद्धा उगवलं नाही. म्हणून शेवटच्या न्यायानंतर जे सरोवर आहे, ते आगीचं आणि गंधकाचं आहे. त्याचा अर्थ असा, की ती शिक्षा विझत नाही आणि ती परत फिरवता येत नाही.

मग त्यांनी तिथे कोण कोण जाणार ते सांगितलं. खुनी, जादूटोणा करणारे, मूर्ती पुजणारे, विश्वास न ठेवणारे. आणि सगळ्यात शेवटी, खोटं बोलणारे सगळे. माझ्या शेजारची मुलगी इथे दचकली, कारण सकाळीच तिने न घासलेली भांडी घासली म्हणून सांगितलं होतं. मी दचकले नाही. मी यादीत त्याच्या आधीच अडकले होते.

मला माझा भाऊ आठवला होता.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. अंगभर फोड उठवणारा तो रोग आता कोणाला पाहायलाही मिळत नाही, बरंच आहे. पूर्वी देवी आली की घरात कडुलिंबाचा पाला बांधत, माता पाहुणी आली म्हणत, तिला दहीभात दाखवत. आम्ही तर माताच नदीत सोडलेली. बाने टोचणाऱ्या डॉक्टराला अक्षरशः हाताला धरून वस्तीत आणलं. मला टोचलं. भावाला तोवर ताप भरला होता. नवव्या दिवशी तो गेला. आम्ही दोघंच भावंडं, तो लहान. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी मायच्या तोंडावर सांगितलं, मातेला टाकलं म्हणून मातेनं पोरगं नेलं. बा सगळ्यांशी भांडला. माय कोणालाच काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सॅनिटरी इन्स्पेक्टरचा शिपाई आला. तो वस्तीत शिरला नाही. लांब झाडाखाली उभं राहून त्याने गंधकाची पुडी एका दगडावर ठेवली आणि काय करायचं ते तिथूनच ओरडून सांगितलं. बाने भावाची गोधडी आणि सदरा जाळला. मग घमेल्यात निखारे घेऊन त्यांवर ती पूड टाकली, घराचं दार लावलं आणि फटींमध्ये ओल्या चिंध्या कोंबल्या. एका फटीतून आतली आग दिसत होती, निळी. आम्ही अंगणात बसलो होतो, तरी खोकून खोकून जीव गेला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा घरात भावाचा वास म्हणून उरला नव्हता. माय भिंतीला नाक लावून हुंगत होती आणि तिला फक्त गंधक लागत होतं.

तर चर्चात बसून मी माझी बोटं हुंगली. भावाने विश्वास ठेवला नव्हता. त्याला ठेवायला कोणी सांगितलंच नव्हतं. तो गेला आणि लगोलग घरात निळी आग आणि तो वास. मला हे कोणी शिकवलं नाही. पाळकसाहेबांनी भावाचं नावही घेतलं नाही, त्यांना तो होता हेच ठाऊक नव्हतं. हिशेब सगळा मीच जुळवला आणि तो इतका चोख जुळला की मला दुसरं काही सुचेना.

इथवर मी स्वतःला माफ करू शकते. लहान होते, भ्यायले. पण पुढे जे केलं ते नुसत्या भीतीपोटी केलं असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण त्यात ऐट होती.

आमच्या वस्तीत तेव्हा विहार बांधलेला नव्हता. रविवारी संध्याकाळी सगळे झेंड्याच्या बांबूपाशी जमत, वंदना म्हणत, आणि वंदना झाली की आठवड्यात आलेली पत्रं तिथेच मोठ्याने वाचली जात. सातवी पास झालेला एक दादा वाचायचा. पत्र कोणाच्या घरचं हा प्रश्नच नसे. लिहितं-वाचतं माणूस सगळ्या वस्तीचं, तेव्हा त्याचं पत्रही सगळ्या वस्तीचं. माझी पत्रं तर दोन दोनदा वाचत. म्हातारे कार्ड हातात घेऊन उलटं-सुलटं बघत आणि म्हणत, आपल्या पोट्टीचं अक्षर पाहा. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी ते कार्ड लिहिलं. मला वाटलं, एका कार्डात अख्खी वस्ती वाचवून टाकावी.

मी लिहिलं की लहान्या गंधकाच्या आगीत आहे. ती आग कधीच विझत नाही. आपल्या घरात त्या दिवशी जो वास आला तो तोच. तुम्ही सर्वांनी विश्वास ठेवावा, नाहीतर तुम्हीही तिथेच जाल. खोटं बोलणारेसुद्धा तिथेच जातात, म्हणून मी हे अगदी खरं लिहीत आहे. आणि खाली, तुमची आज्ञाधारक मुलगी. आमची कार्डं टाकण्याआधी मेट्रनबाई ऱ्हस्व-दीर्घ तपासत. हे कार्ड मी त्यांना दाखवलं नाही. चर्चच्या वाटेवरच्या लाल डब्यात परस्पर टाकलं आणि मला फार हलकं वाटलं.

पंधराएक दिवसांनी, मधल्या सुट्टीत, कोणीतरी सांगत आलं की तुझा बाप फाटकाशी उभा आहे. मी पळत गेले. बा आत आला नव्हता. त्याच्या हातात माझं कार्ड होतं.

"हे तू लिहिलं?"

"हो."

"कोनं लिहाले सांगतलं?"

"कोनं नाई."

त्याने कार्ड घडी करून बंडीच्या खिशात घातलं. तो संतापलेला नव्हता. संतापला असता तर मला बरं वाटलं असतं. "चाल," तो म्हणाला. "तुही माय चुलीत हात धरून राह्यली."

मला कळलं नाही. मी विचारलं, काहून?

"लेकराले किती भाजते ते पाहाले."

मी फाटकाचा गज धरला. बा बोलत राहिला, जमिनीकडे बघत, मोजून-मापून. पहिल्यांदा त्याला वाटलं भाकरी करताना भाजलं असेल. मग दुसऱ्या दिवशी फोड मोठे दिसले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः पाहिलं, ती निखाऱ्यावर हात धरून बसली होती आणि ओठ हलत होते, किती वेळ धरवतो ते मोजत होती. त्याने चूल विझवली. ती पुन्हा पेटवते. तो कामाला गेला की शेजारीण राखण बसते. शेजारणीलाही तिचं घर आहे.

"मी म्हनलो तिले, नरक-गिरक काई नसते. तं म्हन्ते, तुमी अगोदर देव हाय म्हनत होते, मंग नाई म्हनले. आता पोरगी म्हन्ते हाय. पोरगी शिकली, तिले मालूम." बा थांबला. "मह्यं ऐकत नाई ते. तू लिहिलं, आता तूच पुसून टाक."

रजा मागायला मी ऑफिसात गेले. पाळकसाहेब आणि मेट्रनबाई दोघंही तिथे होते. मी सगळं सांगितलं, कार्डासकट. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. ते खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मी एकच विचारलं, "माझा भाऊ तिथे आहे का?"

"किती वर्षांचा होता?"

"सहा असेल."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "लहान मुलांबद्दल तिथे असं स्पष्ट लिहिलेलं मला आढळलेलं नाही. नाही ते आहे म्हणून मी सांगू शकत नाही. आहे ते नाही असंही सांगू शकत नाही."

"मी आईला काय सांगू?"

"देव न्यायी आहे, एवढं सांग. त्यात खोटं काही नाही."

मेट्रनबाई खिडकीशी उभ्या होत्या. विधवा बाई, पोटी मूल नाही, आयुष्य दुसऱ्यांच्या मुलींच्या डोक्यातल्या उवा काढण्यात गेलेलं. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "साहेब, वीस वर्षं मी पोरींना गंधक लावतेय. त्याने किडे मरतात. पोर मरत नाही." पाळकसाहेब म्हणाले, "बाई, ते मलम वेगळं." बाई म्हणाल्या, "असेल." आणि त्या बाहेर गेल्या.

पुढे मोठेपणी मी या गोष्टीच्या मागे लागले, वाचलं, जाणत्यांना विचारलं. खुद्द ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही. काही म्हणतात आग म्हणजे आग आणि गंधक म्हणजे गंधक. काही म्हणतात ते नुसतं चित्र आहे, देवापासून कायमचं तुटण्याचं दुःख आगीच्या भाषेत सांगितलेलं. काही म्हणतात, ती आग छळायला नाही, संपवायला आहे, वाईट तेवढं जळून जावं म्हणून. आणि जुन्या काळी लोक घर शुद्ध करायला गंधक जाळत, आमच्या बाने जाळलं तसंच. हे सगळं मला त्या दिवशी ऑफिसात उभी असताना ठाऊक असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मी थकले. बहुतेक काहीच झालं नसतं. चुलीपाशी बसलेल्या बाईला चार मतं सांगून काय उपयोग.

मोटारीत बा माझ्याकडे पाहत नव्हता. यवतमाळला गाडी बदलली. नेरच्या गाडीत जागा नव्हती, आम्ही दोघं दांडा धरून उभे होतो, आणि तिथे, लोकांच्या गर्दीत, तो एकदम म्हणाला, "तो वाचनारा मधातच थांबला होता. मीच म्हनलो त्याले, वाच, मोठ्यानं वाच. मह्या पोरीचं हाय म्हनलो." एवढं बोलून त्याने तोंड खिडकीकडे केलं. मला त्या वेळी गाडीतून उडी टाकावीशी वाटली.

नेरहून आमच्या गावाला पायी जायचं. वाटेत मी मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होते, देव न्यायी आहे. वस्तीत शिरलो तेव्हा दिवस कलला होता. बायका दारात उभ्या होत्या, एरवी मी आले की हसून बोलणाऱ्या. त्या दिवशी कोणी बोललं नाही. एका म्हातारीने मला पाहून नातवाला घरात ओढून घेतलं.

शेजारीण आमच्या दारातच बसली होती. आम्हाला पाहून उठली आणि गेली. बा बाहेरच थांबला.

माय चुलीपाशी बसली होती. चुलीत मोठा जाळ नव्हता, निखारे होते. तिचा उजवा हात मनगटापर्यंत धोतराच्या फडक्याने बांधलेला होता. ती वाळली होती, पण केस नीट विंचरलेले होते. ते पाहून मी जास्त भ्यायले. वेडी झालेली बाई मी कल्पनेत पाहून आले होते. ही माझी नेहमीची मायच होती.

"आली?" ती म्हणाली.

"हो."

"जेवली?"

"नाई."

"टोपल्यात भाकर हाय. शेजारनीनं देल्ली."

मी तिच्याजवळ बसले. भाकरीला हात लावला नाही. चुलीची धग तोंडावर येत होती. ती थोडा वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "तुहं कार्ड आलं."

"हो."

"पुरं होतं काय ते? का जागा पुरली नाई म्हून राह्यलं काई लिहाचं?"

मी म्हटलं, पुरं होतं.

"त्याले पानी देत असन काय कोनी?"

मी घोकून आणलेलं वाक्य म्हटलं. देव न्यायी हाय, माय.

तिने मान हलवली. "व्हय," ती म्हणाली. "मंग बराबरच देल्ली असन शिक्षा. काई तं केलं असन त्यानं. नाई तं मी केलं असन." आणि तिचा डावा हात, न बांधलेला, चुलीकडे निघाला. घाईने नाही. मीठ घ्यायला हात पुढे करावा तितक्या सहज.

मी तो हात धरला. त्या क्षणी मला नीट ठाऊक होतं की मी काय करते आहे. आजवर लोकांनी मला अनेकदा समजावलं, तू पोर होतीस, तुला काय कळत होतं. मला कळत होतं. पाळकसाहेबांची यादी मला पाठ होती, तिच्या शेवटी कोण आहे तेही पाठ होतं, आणि मी त्यातला शब्द न् शब्द खरा मानत होते. तरी मी तोंड उघडलं.

"माय, ते चुकलं," मी म्हटलं.

"काय चुकलं?"

"कार्ड. मी आधीच लिहून टाकलं. मंग साहेबायनं पुस्तकात पाह्यलं. लहान लेकरू तिथं घेतच नाईत. सात वर्साखालचं असलं तं घेतच नाईत."

सात हा आकडा कुठून आला, कोणास ठाऊक. भाऊ सहाचा होता अशी माझी समजूत. आमच्या घरात जन्माची नोंद कुठली असणार. मायचा हात माझ्या हातात सैल पडला. ती माझ्याकडे वळली.

"सात?"

"हो."

ती मोजायला लागली. आमच्याकडे वर्षं मोजायची एकच रीत होती. बा दरसाल कोणाच्या ना कोणाच्या शेतावर सालदार म्हणून राहायचा, आणि वर्षं लक्षात राहायची ती शेतावरून. बांधलेल्या हाताची बोटं तिला मुडपता येईनात, म्हणून तिने माझा पंजा पुढे ओढला आणि माझ्या बोटांवर मोजलं.

"नाल्याकडच्या वावरात होतो तई झाला. ते साल एक. तिथंच दुसरं." तिने माझी दोन बोटं मुडपली. "मंग मोठ्या विहिरीच्या वावरात तीन सालं. बैल मेला तिथं, व्हय, तीनच." पंजा संपला. तिने माझा दुसरा हात घेतला. "मंग टेकडीखाली. तिथं एक. अन् तिथंच दुसरं साल भरलं, त्याच उनायात गेला तो."

माझ्या दुसऱ्या हाताची दोन बोटं तिने मिटलेली होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"सात पुरे झाले होते," ती म्हणाली.

मला त्या घराच्या भिंती आठवतात, सारवलेल्या, त्यांवर चुलीचा लाल उजेड. बाहेर बा खोकला. मायच्या चेहऱ्यावर आत्ताच कुठे जे आलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं. तिने माझा हात सोडला आणि तिचा हात पुन्हा चुलीच्या बाजूला गेला.

"सात नाई, बारा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बारा म्हनलं साहेबायनं. मीच चुकली. बारा वर्साखालचं लेकरू घेत नाईत."

मायने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही. मी नजर वळवली नाही. वळवली असती तर सगळं संपलं असतं.

"बारा?"

"बारा."

"पुस्तकात हाय?"

"हाय."

ती हलली नाही. निखाऱ्यावर राख धरत होती. मग ती हळूच म्हणाली, "अन् कार्डात तूच लिहिलं होतं, खोटं बोलनारे बी तिथंच जातात म्हून."

मी तशीच तिच्याकडे पाहत राहिले.

"तुले तं तेरावं सरलं, बाई," माय म्हणाली.

तिने शेजारचा गडवा उचलला, डाव्या हाताने, आणि त्यातलं पाणी चुलीत ओतलं. राख उडाली, वाफ आली, आम्ही दोघी खोकलो. बा दारात येऊन उभा राहिला. मायने माझ्या काखेत हात घालून मला ओढलं आणि चुलीपासून दूर, पार दाराशी नेऊन बसवलं, जणू भाजणार होते ती मीच. मग तिथे, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून, ती रडली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. बा तिला गप्प हो म्हणाला नाही. मीही रडले, पण भावासाठी नाही. मला आता खरोखर वाटत होतं की माझा निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला राखण बसावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मायने डाव्या हाताने भाकरी थापल्या, वेड्यावाकड्या, आणि बाने त्या काही न बोलता खाल्ल्या. बारा वर्षांची गोष्ट तिने वस्तीत सगळ्यांना सांगितली. ज्या ज्या घरात लहान मूल गेलेलं होतं, त्या त्या घरी जाऊन सांगितली. बायका मला येऊन विचारत, खरंच व्हय काय वो, बारा? मी हो म्हणत गेले. एकीचं तान्हं गेलेलं, एकीचा दहा वर्षांचा बुडालेला. मी प्रत्येकीला हो म्हटलं आणि प्रत्येक वेळी मला यादीतलं शेवटचं नाव आठवलं. माय शेजारी उभी असायची. ती माझ्याकडे बघायची नाही.

आठवड्याने मी परत निघाले. एरवी मला बाच सोडायला येई. या वेळी माय म्हणाली, मी जाते. नेरपर्यंतची सगळी वाट ती माझं बोचकं डोक्यावर घेऊन चालली आणि शाळेचं, जेवणाचं, मलमाचं काहीबाही विचारत राहिली. मोटार लागली. मी चढले, खिडकीशी बसले. माय खाली उभी राहिली. गाडी सुरू झाली तशी ती खिडकीला धरून म्हणाली, "आता तिथं खरंच बोलत जाजो."

मी म्हटलं, हो.

गाडी हलायला लागली आणि ती तिच्यासोबत चालायला लागली, बांधलेला हात छातीशी धरून. "अन् मेल्यावर इचारलं कोनं तुले, खोटं काहून बोलली म्हून, तं मह्यं नाव सांगजो. मायनं बोलाले लावलं म्हनजो. मी तिथंच असन."